दोष दिसला एकीकडे, होता दुसरीकडे : डिस्क ड्रायव्हरमधल्या एका चुकीचा शोध

(लातूर येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या वेळी आपण कर्नल म्हणजे काय ते पाहिलं होतं. आज कर्नलमधल्या एका चुकीची गोष्ट सांगतो. चूक काही ओळींची होती, पण ती सापडेपर्यंत बऱ्याच जणांच्या फाइली गेल्या. त्यात माझ्याही होत्या, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा जास्त माझ्या मामांच्या.

मामांचं इथे मार्केट यार्डात अडतीचं दुकान. २०१८ची दिवाळी झालेली, सोयाबीनची आवक जोरात. त्या वर्षी मी हौसेनं त्यांच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, माझ्या घरच्या संगणकावर चढवत होतो. त्याच संगणकावर मी विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी नवनवीन कर्नल स्वतः कंपाइल करून चालवायचो. हे दोन उद्योग एका मशिनवर करू नयेत एवढी अक्कल मला होती, पण दुसरं मशिन नव्हतं. एके दिवशी सकाळी हिशोबाची फाइल उघडेना. दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होईना. फाइल-सिस्टिम तपासायचा प्रोग्रॅम चालवला, तर शंभरेक फाइली ‘हरवले-सापडले’च्या फोल्डरमध्ये, नाव ना गाव.

आता लातुरात असं झालं की पहिला संशय कोणावर? विजेवर! मीही तेच केलं. इन्व्हर्टरची बॅटरी तपासून आणली. मग डिस्कची केबल बदलली. मग डिस्कच बदलली. नवी डिस्क, नवी केबल, आणि चार दिवसांनी तोच प्रकार. मामा म्हणाले, “तुझ्या त्या डब्यापेक्षा माझी लाल वही बरी. तिला शॉक बसत नाही.” वही होती म्हणून पट्ट्या वाचल्या, हे मान्य करायला पाहिजे.

नवी डिस्क लावूनही तोच आजार होतो म्हटल्यावर मला प्रश्न पडायला हवा होता, की या महिन्यात बदललं काय? बदललं होतं एकच. मी कर्नल ४.१८ वरून ४.१९ वर आलो होतो.

काल चालणारी गोष्ट आज नव्या आवृत्तीत बिघडली, तर त्याला सॉफ्टवेअरवाले ‘रिग्रेशन’ म्हणतात. साध्या दोषात आणि यात मोठा फरक आहे. साधा दोष कधीपासून आहे ते माहीत नसतं. रिग्रेशनमध्ये मात्र तुमच्याकडे दोन पक्के खुंटे असतात : इथपर्यंत बरं होतं, इथे बिघडलेलं आहे. चूक या दोन खुंट्यांच्या मध्येच कुठेतरी आहे.

४.१९ ही आवृत्ती २२ ऑक्टोबर २०१८ला आली. लिनस टोरवाल्ड्स तेव्हा काही आठवडे रजेवर होते, म्हणून ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी जाहीर केली. ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती ठरणार होती. म्हणजे लोक विश्वासानं घेणार होते. आणि नोव्हेंबरमध्ये कर्नलच्या दोषनोंदवहीत तक्रार आली की एक्सटी-फोर ही फाइल-सिस्टिम खराब होतेय. पाठोपाठ आणखी लोकांनी लिहिलं, आमचंही तसंच. मी एकटा नव्हतो, पण मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मी बॅटरीवाल्याकडे बसलो होतो.

तक्रारीचं शीर्षक बघा : ‘एक्सटी-फोर खराब होतेय’. साहजिकच सगळ्यांची नजर एक्सटी-फोरवर. तिचे प्रमुख टेड त्सो. या माणसानं आयुष्य या फाइल-सिस्टिमवर घालवलंय, त्यांच्याकडे तिच्या चाचण्यांचा मोठा संच आहे. त्यांनी चाचण्या चालवल्या आणि त्यांच्याकडे काहीच बिघडेना. एखाद्याची गाडी रोज बंद पडते आणि मेकॅनिककडे नेली की एका किकमध्ये सुरू होते ना, तसंच.

इथे थोडं थांबून रस्ता समजून घेऊ. तुम्ही फाइल उघडता तेव्हा मागणी थेट डिस्ककडे जात नाही. वर फाइल-सिस्टिम. तिला माहीत असतं की अमुक फाइल डिस्कच्या अमुक-अमुक खणांत आहे. तिच्या खाली ब्लॉक लेयर, म्हणजे मागण्या गोळा करणारा, रांग लावणारा, शेजारशेजारच्या मागण्या एकत्र बांधणारा थर. त्याच्या खाली स्कझी नावाचा थर. स्कझी ही जुनी, मोठ्या सर्व्हरवाल्यांची भाषा. पण लिनक्समध्ये आपल्या घरातली साधी साटा डिस्कसुद्धा लिबाटा नावाच्या दुभाष्यामार्फत याच दारातून जाते. आणि सगळ्यात खाली कंट्रोलर आणि डिस्क.

आता वाईट बातमी वरचाच थर देतो. ब्लॉक लेयरला आपण काय वाहून नेतोय ते कळत नाही. त्याच्या दृष्टीनं सगळी पोती सारखी. पोत्यात सोयाबीन आहे की माती, हे पोतं उघडणाऱ्यालाच कळतं, आणि उघडणारी असते फाइल-सिस्टिम. त्यामुळे ओरडते ती, आणि आपण धरतो तिलाच.

तिचं ओरडणं कसं होतं ते सांगतो, कारण त्यातच एक खूण दडलेली होती. पुढे दुरुस्तीच्या टिपेत नमुना म्हणून दिलेल्या संदेशात एक आकडा आहे : २४९३७. संदेशाचा अर्थ असा की या आयनोडचा ‘वाढीव आकार’ २४९३७ आहे, आणि आयनोडचा एकूण आकार तर २५६ बाइट. आयनोड म्हणजे फाइलीचं ओळखपत्र समजा. २५६ बाइटच्या ओळखपत्रात २४९३७ बाइटची पुरवणी कशी बसेल? चूक उघड आहे. पण तो आकडा तसाच सोडू नका. दोन बाइटमध्ये मोडून पाहा. ९७ गुणिले २५६ अधिक १०५ बरोबर २४९३७. आणि ९७ नि १०५ हे काय आहेत? संगणकाच्या अक्षरकोष्टकात ९७ म्हणजे इंग्रजीतलं छोटं ‘ए’ आणि १०५ म्हणजे छोटं ‘आय’!

हा योगायोगही असू शकतो. पण असा आकडा दिसला की मला तरी वाटतं, ओळखपत्राच्या जागी कुणाचातरी मजकूर येऊन बसलाय. वीज गेल्यामुळे अर्धवट लिहिलं गेलं असतं तर वेगळी लक्षणं दिसली असती. डिस्कचा पृष्ठभाग खराब असता तर डिस्कनं स्वतःच ‘वाचता येत नाही’ म्हणून सांगितलं असतं. इथे डिस्कची काही तक्रारच नाही. म्हणजे वाचन ‘यशस्वी’ झालं, फक्त जे मागितलं ते आलं नाही.

(प्रेक्षकांतून प्रश्न : मग कर्नलमध्ये डीबगर लावून बघता येत नाही का?)

चांगला प्रश्न. येतो ना. आणि यात आपल्याकडचं एक नाव घ्यायलाच हवं. केजीडीबी नावाचा कर्नलचा डीबगर आहे. एका मशिनवरून दुसऱ्या मशिनचं चालतं कर्नल थांबवून आत डोकावता येतं. तो मूळ कर्नलमध्ये २००८ साली २.६.२६ मध्ये सामील झाला, पण त्याआधी कितीतरी वर्षं तो बाहेरून जोडायचा तुकडा म्हणून सांभाळणाऱ्यांत पुण्याचे अमित काळे होते. केजीडीबीच्या कागदपत्रांत आभाराच्या ओळीत त्यांचं नाव आहे. पण डीबगरला कुठे थांबायचं ते सांगावं लागतं. इथे फाइल-सिस्टिम ओरडते तेव्हा चूक करणारा कधीच निघून गेलेला असतो. शिवाय मशिन थांबवलं की मागण्यांचा वेळ बदलतो, आणि ही चूक नेमकी वेळेच्या जमण्यावर अवलंबून होती. म्हणून दुसरा उपाय : दुभाजन.

आपल्याकडे धनेगावहून मांजरा धरणाचं पाणी पाइपातून येतं. समजा शहरात पाणी पोचत नाही आणि गळती कुठे ते माहीत नाही. सगळी लाइन खणत जाणार का? नाही. मध्यावरचा व्हॉल्व्ह बघायचा. तिथे पाणी पूर्ण आहे, तर गळती पुढच्या अर्ध्यात. नाही, तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. कर्नलचंही तेच. ४.१८ आणि ४.१९ यांच्यामध्ये सुमारे १४ हजार बदल आहेत. एकेक तपासायचा तर आयुष्य जाईल. पण मधला बदल घ्या, तिथपर्यंतचं कर्नल बांधा, चालवा, बरं की वाईट ते सांगा. १४ हजारांचे सात, सातांचे साडेतीन... साधारण १४ फेऱ्यांत एका बदलावर बोट ठेवता येतं. गिटमध्ये यासाठी आज्ञाच आहे. मधला बदल ती काढून देते, आपण फक्त निकाल सांगायचा.

ऐकायला सोपं आहे. मी करून पाहिलं आणि चौथ्या फेरीला सोडून दिलं. माझ्या मशिनवर एक कर्नल बांधायला दीड तास लागायचा, तो मुद्दा वेगळा. खरी अडचण दुसरी आहे, आणि या विषयावरच्या बऱ्याच लेखांत ती एका वाक्यात उरकलेली असते, म्हणून मी जरा लांबवतो.

पाइपाच्या व्हॉल्व्हवर पाणी आहे की नाही हे लगेच कळतं. इथे ‘वाईट’ लगेच कळतं : फाइल-सिस्टिम ओरडली की झालं. पण ‘बरं’ कधी म्हणायचं? तासभर काही झालं नाही म्हणून? रात्रभर? समजा चूक सरासरी दिवसातून एकदा डोकं वर काढते, तीही लहर लागेल तेव्हा. तर वाईट कर्नल पूर्ण दिवसभर चालवूनही ते निमूट राहण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. तीन दिवस चालवलंत तर ती ५ टक्क्यांवर येते. पाच टक्के म्हणजे ठीक आहे की, असं वाटतं. पण १४ फेऱ्यांत निम्म्या वेळा, म्हणजे सात वेळा, खरोखर वाईट कर्नल तुमच्यासमोर येणार. सातही वेळा ते पकडलं जाण्याची शक्यता सत्तर टक्के. म्हणजे महिनाभर खपूनही दहापैकी तीन वेळा उत्तर चुकीचं.

आणि चुकलं की कसं चुकतं बघा. वाईटाला तुम्ही एकदा ‘बरं’ म्हणालात की शोध पुढच्या अर्ध्यात जातो. तिथे तर सगळेच वाईट. मग दर फेरीला ‘वाईट, वाईट, वाईट’ येत जातं, तुम्हाला वाटतं काय छान चाललंय, आणि शेवटी बोट जातं एखाद्या भलत्याच निष्पाप बदलावर. कुणीतरी छपाईयंत्राच्या ड्रायव्हरमध्ये स्पेलिंग दुरुस्त केलेलं असतं आणि तो गुन्हेगार ठरतो! म्हणून दुभाजनाआधी चूक लवकर घडवून आणायचा उपाय शोधावा लागतो. डिस्कवर भरपूर ताण, एकाच वेळी वाचन नि लेखन, मोठमोठ्या फोल्डरांची नक्कल. दिवसाची वाट दहा मिनिटांवर आली की मगच दुभाजनाला अर्थ.

दुसरीकडून एक वेगळाच धागा हाती येत होता. ज्यांचं बिघडत होतं आणि ज्यांचं बिघडत नव्हतं, त्यांच्या मांडणीत फरक काय? डिस्क वेगळ्या, प्रोसेसर वेगळे. पण बिघडणाऱ्यांत एक समान गोष्ट निघाली. त्यांच्या ब्लॉक लेयरमध्ये मागण्यांचा क्रम लावणारा, ज्याला शेड्युलर म्हणतात, तो ‘काही नाही’ या पर्यायावर होता. बहुतेकांच्या मशिनवर डेडलाइन नावाचा शेड्युलर असतो. मी मात्र कर्नल हलकं करायच्या नादात तो बांधलाच नव्हता. स्वतःच्या हातानं खड्डा खणला होता म्हणा ना.

यामागे थोडा इतिहास आहे. पूर्वी ब्लॉक लेयरमध्ये प्रत्येक डिस्कला एकच रांग असायची, एकच दार, एकच कुलूप. एसएसडी इतक्या वेगवान झाल्या की दाराशीच गर्दी व्हायला लागली. म्हणून २०१४च्या सुरुवातीला आलेल्या ३.१३ पासून बहु-रांग पद्धत आली. एका फाटकाऐवजी आपल्या गंजगोलाईसारखे सोळा रस्ते. स्कझीवाल्या डिस्कांसाठी ही पद्धत आपोआप लागू करणं ४.१३च्या वेळी करून मागे घेतलं होतं, ते ४.१९ मध्ये पुन्हा केलं. त्यामुळे माझी साधी डिस्क मला न विचारता नव्या रस्त्यावर आली. आणि त्याच ४.१९ मध्ये आणखी एक बदल होता : शेड्युलर ‘काही नाही’ असेल आणि रस्ता मोकळा असेल, तर मागणी रांगेत उभी न करता थेट ड्रायव्हरच्या हातात द्या. कल्पना चुकीची नव्हती. रांगच नाही तर रांगेत कशाला उभं राहायचं?

अखेर दुभाजनही याच बदलावर येऊन थांबलं. आता त्यात नेमकं काय घडत होतं, ते मामांच्या दुकानाच्या भाषेत सांगतो.

समजा व्यापाऱ्याचे ४० कट्टे सोयाबीन जायचे आहेत. रस्ता मोकळा दिसला म्हणून हमालांनी माल थेट ट्रकपाशी नेला. कारकुनानं बिल्टी फाडली : ४० कट्टे. तेवढ्यात ट्रकवाला म्हणाला, आत्ता जागा नाही, थांबा. माल परत आडत्याच्या ओट्यावर आला, बिल्टी तशीच खोचलेली. इतक्यात त्याच व्यापाऱ्याचे त्याच गोदामाला जाणारे आणखी २० कट्टे आले. ओट्यावरच्या माणसानं शहाणपणानं ते त्याच थप्पीला लावले, वहीत लिहिलं ६०. पुन्हा ट्रक आला. कारकुनानं पाहिलं, बिल्टी आहेच की, नवी कशाला? बिल्टीप्रमाणे ४० चढवले. ट्रक गेला. वहीत काय लागलं? ‘६० पोचले.’ आणि उरलेले २०? ते कोणाच्याच हिशोबात नाहीत.

आता कर्नलची भाषा. कट्टे म्हणजे डिस्कचे खण. बिल्टी म्हणजे ड्रायव्हरनं बनवलेली स्कॅटर-गॅदर यादी, म्हणजे डिस्कवरून आलेला डेटा मेमरीच्या कोणकोणत्या पानांवर ठेवायचा त्याची यादी. मागणी थेट गेली, स्कझीनं यादी बनवली, यंत्रणा म्हणाली ‘आत्ता नाही’, मागणी साध्या रांगेत परत आली. तिथे ब्लॉक लेयरनं आपलं नेहमीचं काम केलं, शेजारच्या खणांची मागणी तिला जोडून टाकली. पण यादी जुनीच. पुढच्या खेपेला ड्रायव्हरला यादी तयार दिसली, त्यानं तीच वापरली. डिस्कनं मूळ तेवढाच भाग वाचला, आणि संपूर्ण मागणी ‘पूर्ण’ म्हणून शिक्का बसला.

वाचन असेल तर काय होईल? मागून जोडलेल्या भागासाठी राखलेल्या मेमरीत काहीच आलं नाही. तिथे आधी जे पडलेलं होतं ते तसंच राहिलं, कुणाच्या तरी मजकुराचा तुकडा. फाइल-सिस्टिमनं ओळखपत्र समजून ते वाचलं, आणि २४९३७सारखा आकडा पाहून किंचाळली. लेखन असेल तर त्याहून वाईट. शेवटचे २० कट्टे डिस्कवर गेलेच नाहीत, आणि कुणीच ओरडलं नाही. ते कळणार कधी? सहा महिन्यांनी फाइल उघडाल तेव्हा. आणि दरम्यान तुम्ही बॅकअप घेतला असेल, तर त्यातही तीच कचऱ्याची फाइल.

सगळ्यात जीवाला लागणारी गोष्ट ही, की हा धोका जुन्या रस्त्यावर टळलेला होता. नेहमीच्या वाटेनं गेलेली मागणी ‘आत्ता नाही’ म्हणून परत आली, तर ती एका वेगळ्या यादीत ठेवली जायची, आणि त्या यादीत जोडाजोडी होतच नाही. नवा जवळचा रस्ता काढताना परतीची वाट मात्र साध्या रांगेत सोडली गेली. ज्यानं तो बदल लिहिला त्याला मी दोष देत नाही. बदल तपासणारेही होते, चाचण्याही होत्या. नियम पाळला जात होता, पण तो नियम आहे हे कुठे ठळक लिहिलेलं नव्हतं.

टेड त्सोंकडे चूक का दिसेना, हेही आता लक्षात येईल. ‘काही नाही’ हा पर्याय, स्कझीची वाट, यंत्रणा भरलेली असणं, आणि नेमक्या त्या क्षणी शेजारची मागणी येणं. ही चार माणसं एका वेळी एका चौकात भेटली तरच अपघात.

ब्लॉक लेयरचे प्रमुख येन्स ॲक्सबो यांनी डिसेंबर २०१८च्या पहिल्या आठवड्यात दुरुस्ती दिली. पहिली दुरुस्ती अगदी छोटी : थेट पाठवलेली मागणी परत आली तर तिच्यावर ‘हिला काही जोडू नका’ अशी खूण करा. बिल्टी फाटलेल्या थप्पीला हात लावायचा नाही, एवढंच. मग दोनेक दिवसांत त्याहून नीट दुरुस्ती आली : अशी मागणी साध्या रांगेत ठेवूच नका, जुन्या पद्धतीप्रमाणे त्या वेगळ्या यादीतच ठेवा. मला हा क्रम आवडतो. आधी रक्त थांबवलं, मग टाके घातले. ८ डिसेंबरला ४.१९.८ आली, तिच्यात ही दुरुस्ती होती.

(प्रेक्षकांतून प्रश्न : सर, तुमची बदललेली डिस्क खराब नव्हतीच मग?)

नव्हती. जुनी डिस्क अजून चालतेय, मामांच्या दुकानात कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवायला लावलीय. केबलही चांगली होती. बॅटरीवाल्यानं मात्र बॅटरी खराबच आहे म्हणून सांगितलं होतं, तो विषय निराळा.

(प्रश्न : असं पुन्हा घडलं तर आम्ही पहिलं काय करायचं?)

पहिलं म्हणजे त्या डिस्कवर लिहिणं थांबवायचं. मी चार दिवस तसाच वापरत राहिलो, ती माझी खरी चूक. दुरुस्तीचा प्रोग्रॅमसुद्धा त्याच संशयित कर्नलवर चालवू नका, कारण तोही याच वाटेनं वाचणार नि लिहिणार. जुन्या कर्नलच्या पेन ड्राइव्हवरून मशिन सुरू करा, आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढा, मग तपासणी. आणि तक्रार नोंदवताना ‘एक्सटी-फोर बिघडली’ असं निदान लिहू नका. काय दिसलं ते लिहा : कर्नलचा अचूक क्रमांक, शेवटचा बरा असलेला क्रमांक, डिस्क कोणत्या कंट्रोलरवर आहे, शेड्युलर कोणता, संदेश अक्षरशः जसा आला तसा, आकड्यासकट. त्या वेळी पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी शेड्युलर लिहिला असता, तर काही आठवडे वाचले असते असं मला वाटतं.

मामांच्या पट्ट्या आता वेगळ्या मशिनवर आहेत. त्या मशिनचं कर्नल मी बदलत नाही, आणि मामा अजूनही रोज संध्याकाळी लाल वहीत सगळं पुन्हा लिहितात. त्यांना मी हल्ली काही म्हणत नाही.